सिस्टर मेश्राम सिनेमा पाहतात

मागच्या रविवारी फोनवर ईराने विचारले, "आजी, तुझी ती सिनेमावाली मैत्रीण कुठे गेली? हल्ली मागून तिचा आवाज येत नाही." मी म्हटले, ती हैदराबादला गेली, मुलीकडे. ईराने लगेच "का?" विचारले आणि मी पावसाचा विषय काढला.

फोन ठेवल्यापासून मला एका जागी बसवत नाही. धान्याचे डबे दोनदा पुसले, औषधांचा खण आवरला, आवरलेला पुन्हा आवरला. तेव्हा आता लिहूनच काढते. ईरा, अर्णव, तुम्हा दोघांना आई वाचून दाखवील. सिस्टरांची बोली कुठे अडली तर तिलाच विचारा, तिचे माहेर अमरावतीचे आहे, तिला सगळे कळेल. यातली एक गोष्ट खास अर्णवसाठी आहे. ती तिच्या जागी येईल.

सिस्टरांचे पूर्ण नाव पंचफुला मेश्राम. नागपुरात हुडकेश्वरच्या आपल्या ले-आऊटमध्ये आपल्यापासून तिसरे घर त्यांचे. सरकारी इस्पितळात चौतीस वर्षे नर्स होत्या, निवृत्त झाल्या तेव्हा एका अख्ख्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या. जन्म कुहीजवळच्या एका खेड्यातला. त्यांचे वडील छप्पन साली नागपूरला येऊन हजारो लोकांबरोबर बौद्ध झाले. येताना चालत आले आणि जातानाही चालतच गेले, पण जाताना मान वर करून, असे सिस्टर सांगत. मी त्यांना 'सिस्टर' म्हणे, त्या मला 'टीचर'. नऊ वर्षांत दोघींनी एकमेकींना नावाने कधी हाक मारली नाही.

सिस्टरांना बसणे जमत नसे. थिएटरात त्या कडेचीच खुर्ची घेत आणि वीसेक मिनिटे झाली की उठून बाहेर जाण्याच्या दाराशी, भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभ्या राहत. तिथून सिनेमा पाहत. पुन्हा येत, बसत, पुन्हा उठत. पहिल्यांदा मला फार लाज वाटली. मी म्हटले, "बरे नाही का वाटत?"

"नाई वं बाप्पा. बसून पाह्यलं का झोप लागते, उभं राह्यलं का ध्यान राहते. चौतीस वर्षं पेशंट उभ्यानंच पाह्यले ना!"

सिनेमालाही त्या पेशंटच म्हणत. आम्ही मंगळवारी दुपारचा खेळ पाहायचो आणि बुधवारी सकाळी सात वाजता सिस्टर आपल्या स्वयंपाकघरात हजर. त्याला आम्ही 'राऊंड' म्हणत असू. मी चहा टाकायची, त्या ओट्याला टेकून उभ्या.

"घ्या टीचर, रिपोर्ट घ्या. इंटरवलपर्यंत पेशंट ठीक होता. खात होता, पीत होता, बोलून राह्यला होता. मंग त्या डायरेक्टरले कोनं सांगतलं कोन जाने, त्यानं एकावर एक तीन गाण्याचे सलाइन लावले. बीपी पडला. शेवटी नुसतं ऑक्सिजनवर ठेवलं होतं."

तुम्हाला माहीत आहे, माझी सिनेमांची वही आहे. नाव, तारीख, थिएटर आणि एका ओळीत अभिप्राय. 'छायाचित्रण चांगले, उत्तरार्ध लांबला.' 'नायिकेचे काम उत्तम.' एकदा सिस्टरांनी ती वही चाळली आणि मला वाटते दोन मिनिटे त्या हसतच होत्या. "टीचर, हे तं प्रगतीपुस्तक झालं! पन तुमाले काय झालं ते कुटं लिहिलं?"

सिनेमाचे नाव त्यांच्या कधी लक्षात राहिले नाही. 'तो लकव्याचा', 'ते दोघी जावांचं', 'तो लिफ्टमधी अडकते तो' अशी त्यांची यादी. गंमत म्हणजे आज माझ्या वहीतली नावे वाचून मला काही आठवत नाही, पण 'तो लिफ्टमधी अडकते तो' म्हटले की सगळा सिनेमा समोर उभा राहतो.

आमची पहिली मोठी फजिती एका मरणावरून झाली. पडद्यावर नायकाची आई मरत होती. पाऊण थिएटर नाक ओढत होते, मीही रुमाल काढला होता. आई गेली. संगीत थांबले. त्या शांततेत दाराजवळून आवाज आला, "अवं मेली नाई ते! मानेची शीर उडून राह्यली, पाहा!"

सगळ्यांनी पाहिले. खरेच उडत होती. मागून एक माणूस ओरडला, "ओ मावशी, मरू द्या ना तिले!"

"मी कुटं धरून ठेवली गा! मर म्हना, पन बरोबर मर!"

पुढची दहा मिनिटे नायक चितेपाशी रडत होता आणि लोक हसत होते. मी बाहेर आल्यावर ऑटोत बसेपर्यंत बोलले नाही. ऑटो सुरू झाल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, "माफ करा टीचर. तुमचं रडनं अर्धं राह्यलं." मग मलाच हसू आले.

पण त्यांना रडताना मी एकदाच पाहिले, आणि तेही जिथे कोणी रडत नव्हते तिथे. एका सिनेमात इस्पितळाचे एक दृश्य होते. पेशंटला नेल्यावर एक माणूस येऊन त्या रिकाम्या खाटेची चादर बदलतो. एवढेच. पाच-सहा सेकंदांचे काम. सिस्टर भिंतीशी उभ्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. राऊंडच्या वेळी त्यांनी आपण होऊन सांगितले. "खाट खाली झाली का पाच मिनटात चादर बदलतो आमी. मांगं दुसरा पेशंट उभाच असते ना. रडाले टाइम कुटं? त्या पोट्ट्यानं चादरीचे कोपरे बरोबर मोडले, टीचर. त्याले कोनी शिकवलं असन."

असे बरोबर मोडलेले कोपरे कुठे दिसले की त्या सगळा सिनेमा माफ करत. आणि चुकीचे दिसले की पिच्छा सोडत नसत. एका सिनेमात नायिका भाताच्या बांधीत, म्हणजे शेतात, रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, करताना दाखवली होती. मागे दहा-बारा बायका, गाणे, आणि सगळ्या एका रांगेत रोपे लावत पुढे येत होत्या. मी वहीत 'निसर्गदृश्ये रम्य' असे लिहिले. सिस्टर मात्र बुधवारी तावातावाने आल्या.

"टीचर, रोवनारी बाई मांगं मांगं सरकते. ही तं पुढं पुढं चालून राह्यली! लावलेलं सारं पायाखाली तुडवून राह्यली, आन वरून गानं म्हनते!"

मला त्यातले काही कळले नाही. मी तसे म्हटले तर त्यांनी पुढच्या रविवारी मला बसने कुहीला नेले. त्यांच्या भावाच्या बांधीत रोवणा चालू होता. सिस्टरांनी पातळ खोचले, माझ्या हातात रोपांची जुडी दिली आणि मला चिखलात उतरवले. भाऊ शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून हसत होता. "ताई, टीचरले चिखलात काहून उतरवून राह्यली वं? पडतीन ना त्या!"

"पडू दे. पडल्याशिवाय समजत नाई."

मी सात रोपे लावली. चार उठून पाण्यावर तरंगू लागली. सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा रोवना तं सिनेमातला निघाला!" येताना बसमध्ये माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते आणि नागपूर येईपर्यंत मी एकदाही ते पुसले नाहीत. माझ्यासारख्या बाईने! म्हणजे तो दिवस मला किती आवडला असेल, पाहा.

आणखी एक गोष्ट त्या प्रत्येक सिनेमानंतर विचारत. नायक-नायिकेचे लग्न होवो की ताटातूट, सिस्टरांचा प्रश्न वेगळाच. "त्या ड्रायव्हरचं काय झालं मंग? त्याची पोरगी बिमार होती ना?" मी म्हणे, अहो, ती गोष्ट त्याची नव्हती. "हे कोनं ठरवलं?" असे म्हणून त्या माझ्याकडे अशा बघत की जणू सिनेमा मीच काढला आहे.

आता मागच्या हिवाळ्यातल्या त्या मंगळवारचे सांगते.

सिनेमा साधा होता. मोठ्या शहरातले एक घर आणि तिथे वीस वर्षे स्वयंपाक करणारी बाई. मध्ये एक दृश्य येते. ती बाई काम संपवते, पाणी गाळायच्या यंत्रामागे हात घालते, तिथून एक कप काढते, त्यात चहा ओतून उभ्याने पिते, कप विसळते आणि पुन्हा यंत्रामागे ठेवते. घरातले कप वर फळीवर ओळीने मांडलेले असतात. संवाद नाही, संगीत नाही. अर्ध्या मिनिटात दृश्य संपते.

त्या दिवशी सिस्टर एकदाही उठल्या नाहीत. शेवटपर्यंत खुर्चीत बसून होत्या. ऑटोत मी विचारले, "कसा वाटला?" त्या म्हणाल्या, "बरा." मी घरी येऊन वहीत लिहिले, 'संथ, पण प्रामाणिक.'

बुधवारी सातला मी चहा टाकला. त्या आल्या नाहीत. गुरुवारी नाहीत, शुक्रवारी नाहीत. मला वाटले, सर्दी झाली असेल. शनिवारी भर दुपारी आल्या, आणि आल्या त्या सरळ खुर्चीवर बसल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी नेहमीप्रमाणे चहा केला आणि खिडकीतला निळा कप घेतला.

त्या कपाचे तुम्हाला सांगायला हवे. आपल्या स्वयंपाकघरात सहा पांढरे कप खुंट्यांवर टांगलेले असतात, ते तुम्ही पाहिले आहेत. सिस्टरांचा कप वेगळा होता. निळा, मोठा, सोनेरी काठाचा. मी तो इतवारीच्या बाजारातून चार दुकाने फिरून आणला होता. तो खिडकीत ठेवलेला असे. सिस्टर चहा पीत, स्वतःच विसळत आणि पुन्हा खिडकीत ठेवत.

"टीचर," त्या म्हणाल्या, "बाकीचे कप खुंटीवर. हा एकटाच खिडकीत काहून?"

मी लगेच म्हटले, "मोठा आहे ना तो. त्याचा कान जाड आहे, खुंटीत बसत नाही."

"हाव," त्या म्हणाल्या. "असन."

आणि चहा प्यायल्या. मी समोर उभी. खोटे मी बोलले नव्हते. कान जाडच आहे. पण त्या "असन" नंतर मला तिथे उभे राहवेना. मी गॅस पुसला, भांडी सरकवली, आणि मग त्यांच्याकडे पाठ करूनच सांगितले.

तुमची पणजी, जिचा फोटो दिवाणखान्यात आहे, ती तेव्हा होती. सिस्टर पहिल्यांदा घरी चहाला आल्या त्या संध्याकाळी तिने मला सांगितले, त्या नर्सबाईंची कपबशी वेगळी ठेव. कारण सांगितले नाही, आणि मी विचारले नाही, कारण मला माहीत होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, तीस वर्षे मुलांना समतेचे धडे शिकवलेली बाई. मला भांडण नको होते. घरात शांतता हवी होती. म्हणून मी इतवारीत जाऊन दुकानातला सगळ्यात सुंदर कप आणला. वेगळा तर ठेवायचा, पण कोणाला वाईट वाटू नये असा. पणजीचेही ऐकले आणि पाहुण्यांचाही मान राखला, असे मला त्या दिवशी वाटले होते. खरे सांगायचे तर मला स्वतःचे कौतुक वाटले होते.

हे सगळे मी ओट्याकडे तोंड करून बोलले. मग मी वळले. सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या, पेशंटकडे पाहतात तशा.

"मले पह्यल्याच महिन्यात समजलं होतं, टीचर."

मी विचारले, "मग तुम्ही येत का राहिलात?"

"सिनेमाचं बोलाले दुसरं कोन होतं? आन कप चांगला होता, खोटं काहून बोलू. म्हातारी जुनी होती, तिचं मी मनावर घेतलं नाई. वार्डात असे लई पाह्यले. मरनाच्या दारात राहतीन, पन माह्या हातचं पानी नाई पेनार." त्यांनी कप खाली ठेवला. "मले वाटे, म्हातारी गेली का टीचर हा कप तिकडं लावतीन, बाकीच्याईत. म्हातारी जाऊन सहा वर्षं झाले."

अर्णव, आता तुझी गोष्ट.

चार वर्षांपूर्वी तुम्ही उन्हाळ्यात आला होतात. तू सहा वर्षांचा होतास. तुला दूध हवे होते आणि तू खिडकीतला तो निळा कप उचललास, कारण तो सगळ्यांत छान होता. मी तो तुझ्या हातातून काढून घेतला. "तो नको, तो सिस्टरआजीचा आहे," असे म्हणून तुला पांढरा कप दिला. तू रडलास. सिस्टर तिथेच उभ्या होत्या. तुझ्या गुडघ्याला खरचटले होते, त्यावर त्या पट्टी लावायला आल्या होत्या. मी तसे का केले, हे मी चार वर्षे स्वतःला विचारले नाही. पणजी तेव्हा नव्हती. मला सांगणारे कोणी नव्हते. माझा हात आपोआप गेला.

सिस्टरांना ते लक्षात होते. त्या म्हणाल्या, "माफी नका मागू मले. मी काय करू तिचं? त्या पोराले सांगा, हातातून कप काहून घेतला होता. त्याच्या मनात काय बसलं असन, कोन जाने. त्याले वाटलं असन, सिस्टरआजीनंच देऊ नको म्हनलं."

त्या कप विसळायला उठल्या. मी पुढे होऊन हात लावला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आता नका." आणि विसळून, पुसून, ओट्यावर उपडा ठेवून गेल्या. खिडकीत ठेवला नाही.

त्या संध्याकाळी मी सुताराला बोलावले आणि मोठ्या खुंट्या बसवून घेतल्या. तो निळा कप बाकीच्यांच्या मधोमध टांगला. मग दोन महिने त्याच्याकडे बघत राहिले. बुधवारी सातला कोणी येत नव्हते. मंगळवारी मी थिएटरात जाई, पण सिस्टर आता वेगळ्याच वारी जात असाव्यात. मी दाराजवळच्या भिंतीकडे वळून वळून बघे आणि पडद्यावर काय चालले आहे ते निसटून जाई. वहीत त्या काळातल्या तीन ओळी कोऱ्या आहेत. तुम्हाला फोन करायचे मी रोज ठरवी. रविवार येई, तुम्ही शाळेचे सांगत, ईरा गाणे म्हणून दाखवी, आणि मी म्हणे, पुढच्या वेळी.

मार्चमध्ये कळले की त्या हैदराबादला चालल्या आहेत. मुलीला दुसरे बाळ होणार होते. मी सकाळी गेले तेव्हा फाटकाशी टॅक्सी उभी होती आणि सिस्टर सामान चढवून घेत होत्या. ड्रायव्हरला त्यांचे म्हणणे, जड पेटी खाली, गादी वर, उलटे केलेस तर तुझे तूच बघ.

मला पाहिल्यावर त्या थांबल्या. मग एकदम म्हणाल्या, "टीचर, काल एक पाह्यला. तो म्हाताऱ्या पोस्टमनचा."

आणि सुरू झाल्या. तिथेच, फाटकात उभ्या राहून. पोस्टमन निवृत्त होतो आणि त्याच्या झोळीत एक पत्र राहून गेलेले असते. ते कोणाचे, कुठले, तो कसा शोधायला निघतो, वाटेत त्याची सायकल कशी मोडते. सायकल मोडते ते सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी हँडल वाकडे करून दाखवले. ड्रायव्हर सामान सोडून ऐकू लागला. मला नऊ वर्षांतल्या सगळ्या बुधवारच्या सकाळी एकदम परत मिळाल्यासारखे झाले. मी म्हटले, "मग? पत्र पोचते का?"

सिस्टर बोलता बोलता थांबल्या.

"अर्णवले सांगतलं?"

मी म्हटले, "अजून नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. राग नव्हता त्यात. चार्ट वाचताना डॉक्टर मान हलवतात तशी मान हलवली.

"मंग इंटरवल समजा," त्या म्हणाल्या.

आणि ड्रायव्हरशेजारच्या जागेवर चढून बसल्या. मागे बसणे त्यांना कधीच आवडले नाही. टॅक्सी निघाली. कोपऱ्यावर वळताना मला त्यांचा हात खिडकीबाहेर दिसला, हवेत काहीतरी वळवून, मोडून दाखवणारा. पुढचे त्या आता ड्रायव्हरला सांगत होत्या.